अर्धं पुस्तक

मी मूळचा साताऱ्याचा. वडील शाळेत शिपाई. मी डिप्लोमा करून पुण्याला कारखान्यात लागलो, तिथून इकडे अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला, आणि गिअर तपासता तपासता जन्म गेला. इंग्रजी पुस्तकं मी बापजन्मात वाचली नाहीत हो. ते सगळं कुमुदचं, माझ्या बायकोचं. बी. ए. इंग्लिश, आणि तोंड असं की काय सांगू तुम्हाला.

लग्नानंतरचा पहिला सिनेमा तिनंच निवडला, हॉलिवूडचा जुना, काळा-पांढरा, कुठल्याशा जुन्या विलायती कादंबरीवरचा. माळरान, सोसाट्याचा वारा, एक तापट माणूस आणि त्याच्यापायी झुरून मेलेली बाई. ती गेली की थोड्या वेळात सिनेमा खलास. मी रुमालानं डोळे पुसतोय आणि ही भर रस्त्यात भांडतेय, अहो, अर्धं पुस्तक खाल्लं मेल्यांनी, पुढं पोरं मोठी होतात, खरी गोष्ट तिथंच तर आहे! इकडे टीव्हीवर लागला तरी तेच. शेवट आला की मी आणि निखिल, आमचा मुलगा, कान झाकून बसायचो, आणि ती म्हणायचीच, संपलं कसलं, अजून अर्धं बाकी आहे.

आता तिला विसर पडतो. विसर कसला, सगळंच गेलं. लग्न गेलं, निखिल गेला, अमेरिका गेली. मला काका म्हणते. अख्खा जन्म अहो ऐकलेल्या माणसाला काका! निखिल फ्रीमाँटहून फोनवर म्हणतो, बाबा, तुम्हाला एकट्यानं मॅनेज होत नाही, केअर होम बघू या. मी म्हणतो, थांब रे, हा रविवार जाऊ दे. कारण दर रविवारी मी तोच सिनेमा लावतो. वाटतं, शेवटाला तरी चिडेल, भांडेल, अहो म्हणेल. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येत नाही. खड्ड्यात गेला तो डॉक्टर.

काल लावला. शेवट आला, मी श्वास रोखून बसलो. कुमुदनं शाल सावरली, म्हणाली, संपलं, छान होता. मी म्हटलं, अगं, अर्धं बाकी आहे ना? छे, म्हणाली, बाई मेली की, आता काय राहिलं?

मग उठून तिनं दार उघडलं, काका, तुम्ही निघा आता, उद्या मला बघायला येणारेत, साताऱ्याचा मुलगा आहे म्हणे. कसा असेल हो?

म्हटलं, बरा आहे, थोडा अडाणी आहे, पण जीव लावेल. तर वाकून पाया पडली माझ्या. सुखी राहा पोरी, म्हटलं, बूट चढवले आणि गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिलो. तिथूनच निखिलला फोन केला, बघ बाबा तू ते होम.