बदकमान

निजामपुऱ्यात माधव रिक्षाच्या रांगेत उभा होता. पुढे लूमच्या सुट्या भागांचा दुकानदार भाविक आणि त्याची चुलत बहीण मृणाली बोलत होते.

"दुकान विकतोस म्हणे, दादा?"

"विकणारच होतो. कारागीर पार्टांची बाबांनी ठेवलेली नावं सांगतात, मला एक कळत न्हाय. सकाळी एक जण आला, लूम बंद हाय, बदकमान दे."

"तुझं काय मटणाचं दुकान हाय?"

"ऐक तर. बिलाच्या सॉफ्टवेअरात नवीन सर्च आलंय, त्यात तेच टाकलं. स्क्रीनवर पार्ट आला, फोटोसकट, बदकाच्या मानेसारखा वाकडा."

"त्याला कसं कळलं?"

"सॉफ्टवेअरच्या कंपनीत फोन लावला. तिथली पोरगी म्हणाली, जुन्या नोंदीत दिसतंय, बाबा आधी बदकमान शोधायचे, तेव्हा सापडायचं न्हाय. मग पार्टचा नंबर टाकून बिल करायचे. नवीन सर्च बनवताना तिनं दोन्ही जोडलं."

रिक्षा लागली. आता हे दोघं जाणार आणि पुढचं ऐकायचं राहणार, असं माधवला वाटलं. पण दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

"काकांना जाऊन वर्ष झालं रे."

"हां. फोटोखाली विचारलेलं, हेच शोधत होतात का?"

"मग?"

"हो दाबलं. बाबांच्या वतीनं."