द्राक्षाच्या वावरातली बेसबॉल टीम

माझं नाव दत्तू, गाव आमचं एकलहऱ्याच्या अलीकडं, वट्यावर बसलं की वीज कारखान्याच्या चिमण्या समोरच दिसतात, लहानपणी आई धुणं वाळत घालायची अन् त्याच्यावर राख पडायची, मंग ती चिमणीकडं बघून शिव्या द्यायची, अन् त्याच चिमणीखाली आमचा बाप ठेकेदाराकडं कामाला, त्यामुळं बाप गपचूप जेवायचा. आमच्या गावात खेळ म्हंजे कबड्डी, दुसरं काय नाय. मैदानात उतरताना खाली वाकून मातीला हात लावायचा अन् कपाळाला लावायचा, हे कुणी शिकवावं लागत नाय, पोरगं चालायला लागलं की बापाचं बघून करतं. मी पण केलं. माझा मेव्हणा किसन, म्हंजे बायकोचा धाकला भाऊ, तो तर असा चढाईला जायचा की पाच जणांनी धरला तरी हात लांब करून रेघेला बोट लावायचाच. ते बोट त्याचं नामांकित व्हतं आमच्या पंचक्रोशीत.

बेसबॉल कुठून आला म्हणता, सांगतो ना ताई, ते यंत्र तेवढं सरळ धरा, माझा आवाज येतोय ना त्याच्यात? हां. आमच्या भागात एक शेठ व्हते, त्यांचं नाव नाय घेत, त्यांच्या घरच्यांना आवडायचं नाय. शेठ म्हंजे मोठे द्राक्ष बागायतदार, माल परदेशात पाठवायचे, तिकडं गेले असताना व्यापाऱ्यानं त्यांना बेसबॉलची मॅच दाखवली अन् शेठ येडे झाले. परत आले ते डोक्यात हेच घेऊन. तवा कुणीतरी नवी लीग काढली व्हती, चार-पाच शहरांच्या पगारी टीमा, शेठ म्हणले एक टीम नाशिकची अन् ती माझी. पगारी म्हंजे खेळायचा पगार, ताई. मी आईला सांगितलं तर ती म्हणली, खेळायचा पगार देणारा माणूस चांगल्या घरचा नसणार, नीट चौकशी कर.

मला घेतलं ते शाळेत सॉफ्टबॉल खेळलो व्हतो म्हणून, मला कॅचर केलं, कॅचर म्हंजे बॅटवाल्याच्या मागं उकिडवा बसून चेंडू झेलणारा, गुडघे तवापासून गेले ते आजपर्यंत. सलीम म्हणून नाशिकरोडचा पोरगा व्हता, तो चेंडू टाकायचा, त्याचा चेंडू असा यायचा की माझा तळहात संध्याकाळी भाकरीवाणी फुगायचा. अन् किसन पळण्यासाठी. किसनला चांगलं काम लागलेलं व्हतं कारखान्यावर, ठेक्यानं का व्हईना पण बारमाही, ते सोडून तो आला. सासरे माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाय, जसं काय मीच त्याला पळवून नेला. मी तर त्याला नको म्हणत व्हतो. तो कशाला ऐकतोय!

मैदान काय व्हतं माहितीये का, शेठची एक जुनी बाग व्हती, ती उपटली, तारा काढल्या, अँगल काढले, रोटर मारला अन् रोलर फिरवला, झालं मैदान. खाली द्राक्षाची मुळं तशीच. पडलं की गुडघा सोलून निघायचा. आमचा ड्रेस जांभळा अन् छातीवर द्राक्षाचा घड, बाहेरगावच्या टीमा आम्हाला मनुके म्हणायच्या. आले रे मनुके. पहिल्या वर्षी आम्ही हरलो पण तसेच, वाळून. शेठ मात्र रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचे, एक दिवस चुकला नाय, हरून आलो तरी म्हणायचे, पोटभर जेवा अन् झोपा, उद्या परत.

आता मुद्द्याचं सांगतो. बेसबॉलमध्ये चार ठिकाणं असतात, तीन बेस अन् एक होम प्लेट. बॅटवाला होम प्लेटजवळ उभा राहून मारतो, तीन बेसला वळसा घालून परत होम प्लेटला शिवतो, शिवला की एक रन. ती प्लेट म्हंजे जमिनीत बसवलेला पांढरा रबराचा पाच कोनांचा तुकडा. मैदानाचा मुहूर्त केला त्या दिवशी शेठनी सपत्नीक पूजा घातली, भटजी बोलावले, आता पूजा कशाची करायची तर त्या प्लेटची. शेठ म्हणले हा आपला पाट. हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, आम्ही सगळ्यांनी वाकून नमस्कार केला, सलीमनं पण हात लावला, म्हणला, तुमचं तुम्ही करा, माझी रोजीरोटी हाय, मी हात लावतो. अन् मंग, तुम्हीच सांगा ताई, ज्या पाटाला कुंकू लावलं त्याच्यावर बूट घालून पाय ठेवणार कोण?

कुणी कुणाला बोललं नाय. तसं ठरलं पण नाय. पण आमचा एकही माणूस पाटावर पाय ठेवायचा नाय. तिसऱ्या बेसवरून पळत यायचं, पाच-सहा हात राहिले की झेप घ्यायची अन् छातीवर घसरत येऊन हात लावायचा, कबड्डीत रेघेला लावतो तसाच. बाहेरच्या मैदानावर, जिथं पूजाबिजा काय नाय, तिथं पण हेच. सवय ती सवय. कोच बाहेरून आणलेले, हिंदी बोलणारे, त्यांना लय कौतुक, म्हणायचे क्या जिगर है, कसे झेप मारता रे तुम्ही. आम्ही हसायचो. दुसऱ्या टीमवाले बिनधास्त बूट आपटून जायचे, मंग मॅच संपली की मी ओल्या फडक्यानं पाट पुसून घ्यायचो, कोचला वाटायचं कॅचर लय शिस्तीचा हाय.

दुसऱ्या वर्षी आम्ही बरे खेळलो अन् तिसऱ्या वर्षी फायनलला आलो. पण तोवर शेठच्या घरात कटकट सुरू झाली व्हती. पोरं म्हणायची, बाबा, वावर पडीक ठेवून काय चाललंय हे, लोकं हसतात. शेठनी आम्हाला बसवून सरळ सांगितलं, लपवाछपवी नाय केली, कप आला तर मी पोरांचं तोंड बंद करीन अन् टीम राहील, नाय आला तर वावरात परत द्राक्ष लागतील, माझ्या हातात मंग काय नाय. आता आमचं काय, सलीमचं त्या वर्षी लग्न झालेलं, माझ्या पदरात दोन पोरं, अन् किसनला तर कारखान्यावर परत कुणी उभं करणार नव्हतं. फायनल आमच्याच वावरात. गाव लोटलेलं. शेठ अन् पाव्हणे मांडवात, वडापाववाले, आईस्क्रीमवाले, बाया झाडाखाली.

एक गोष्ट झाली व्हती, आधीच्या मॅचला किसनचं बोट मोडलं व्हतं, हात असा फळी लावून बांधलेला. कोच म्हणले आज झेप मारायची नाय, उभा पळत ये. हो म्हणला.

शेवटचा डाव आमचा, दोन्ही टीमा बरोबरीत, आमचे दोन जण बाद, किसन तिसऱ्या बेसवर अन् बॅट माझ्या हातात. म्हंजे मी मारला अन् किसन आला की कप आमचा. काय सांगू तुम्हाला, मी कॅचर माणूस, मला मारता लय येत नाय, पण तो चेंडू असा बसला बॅटवर, तसा कधी बसला नव्हता अन् परत कधी बसला नाय. दोघांच्या मधून लांब गेला. मी पहिल्या बेसकडं पळालो, मागं बघितलं नाय, पोचलो तर सगळं गाव मैदानात, किसनला खांद्यावर घेतलेला, गुलाल उडतोय, मी पण तिकडं पळालो अन् नाचलो.

त्यांचा कॅचर मात्र जागेवर उभा. माझ्यासारखाच गुडघे गेलेला माणूस. त्यानं चेंडू मागवून घेतला, पाटाला लावला अन् अंपायरकडं बघितलं. अंपायरनं हात वर केला, आऊट. किसन पाटावरून उडी मारून गेला व्हता, ताई. पाय लागला नव्हता. अंपायरनं बघितलं व्हतं पण कुणी दाद मागितल्याशिवाय तो बोलत नाय, तसा नियम हाय. रन गेला. मंग जादा डाव झाला, आमच्यात जीवच नव्हता, त्यांनी एक रन काढला अन् कप नेला.

कोच डोक्याला हात लावून ओरडत व्हते, रबर है वो, रबर! शेठ आले अन् म्हणले, कोचसाहेब, त्याला एक शब्द बोलायचा नाय. मंग बक्षीस समारंभ झाला, शेठ उपविजेत्याची ढाल घ्यायला गेले, अन् मी बघितलं, जाताना पण अन् येताना पण, शेठ पाटाला वळसा घालून गेले.

महिनाभरात वावरात रोप आलं. पोरांनी ऐकलं नाय. कोच त्यांच्या गावाला गेले, सलीमनं गॅरेज टाकलं, मी आता देवळाली कॅम्पाकडं दोन शाळांत पोरींना सॉफ्टबॉल शिकवतो, पोरी लय हुशार हायेत, माझं गुडघ्याचं दुखणं बघून माझीच नक्कल करतात. अन् किसन द्राक्षाच्या छाटणीची टोळी चालवतो, त्या वावरातली छाटणी पण तोच करतो. गावानं त्याला नाव पाडलं उड्या. किसन उड्या आला का, किसन उड्या गेला का. लग्नाच्या पंगतीत सुद्धा, एऽ उड्या, पत्रावळीवरून उडी मारू नको. तो हसायचा अन् जेवायचा. बायकोनं मला पहिल्याच दिवशी बजावलं व्हतं, माझ्या भावाला काय बोललात तर याद राखा. मी नाय बोललो. पण मनात व्हतंच ना, इतकं पळायला येतं अन् एक पाय टेकवता येऊ नये!

गेल्या महिन्यात शेठ वारले. दहाव्याला आम्ही सगळे घाटावर गेलो, सलीम पण आला व्हता, लांब उभा राहिला. येताना मी अन् किसन गाडीवर, नाशिकरोडला चहाला थांबलो. चहा अर्धा झाला अन् किसन म्हणला, दाजी, एक सांगू का, रागावू नका. मला नियम पाठ व्हता. हात लावता येत नव्हता म्हणून आज पाय ठेवायचा, हे मी तिसऱ्या बेसवरच मनाशी ठरवलं व्हतं, देवाची माफी पण मागून झाली व्हती. आलो तर पाटाच्या पलीकडं शेठ. मांडवातून उठून आलेले, टोपी काखेत, डोळे उघडे, पाटाला हात जोडलेले. तुम्ही सगळे चेंडू बघत व्हते. त्यांच्या देखत बूट कसा ठेवू, दाजी?

मी म्हटलं, अरे मंग बोलला का नाय इतकी वर्षं, गाव तुला उड्या म्हणतं. म्हणला, बोललो असतो तर शेठच्या कानावर गेलं असतं, त्यांना वाटलं असतं आपल्याच हात जोडण्यानं टीम गेली. म्हाताऱ्या माणसाला कशाला तो घोर.

मला राग आला, ताई, खोटं नाय बोलत. चहा तसाच ठेवला. पण राग करायचा कुणाचा? शेठ हात जोडून उभे राहिले ते आमच्यासाठीच ना. अन् किसननं पाय उचलला तो त्यांच्यासाठी. घरी येऊन बायकोला सांगितलं, ती भाकरी थापत व्हती, ती न थांबता म्हणली, मंग बरोबर केलं त्यानं. मी म्हटलं, टीम गेली की आमची! ती म्हणली, गेली तर गेली, शेठ काय घोर न घेता गेले ना, बसा जेवायला.

जेवलो. काय करणार. शेठच्या आत्म्याला शांती मिळो, माझ्या मेव्हण्याला देव औक्ष देवो, अन् तुमचं पण भलं होवो, इतका वेळ बसून ऐकलं. पण लिहिणार असाल तर हे तेवढं लिहा ताई, तो चेंडू मी चांगला मारला व्हता.