रांजणामागचा आकडा

घनश्याम : …अन् होळी पेटायची आहे अजून! दोन हजार चोवीस साल ध्यानात ठेव, बाई. असा फाल्गुन मी नाही पाहिला.

कुंताबाई : आधी बस. डोक्याचा दुपट्टा सोड. आंधळगावहून दिघोरीले एष्ट्या बदलत आला, ते काय मले साल सांगाले?

घनश्याम : तापमान मोजाले आलो.

कुंताबाई : इथलं तापमान मी रोज सांगते ना, तीन वाजता फोनवर? काल पस्तीस सांगितलं.

घनश्याम : तेच तर. माह्याकडे एकोणचाळीस अन् माह्या बहिणीकडे पस्तीस. जिल्हा एक, सूर्य एक. तुही मोना बंगळूरहून म्हणते, मामा, तुमचं थर्मामीटर बिघडलं. तू म्हणते, बिघडलं. महिनाभर ऐकून राहिलो. हे पाह्य, नवीन आणलं. दोन्ही बाजूबाजूले टांगले, दोन्ही एकोणचाळीस.

कुंताबाई : तुह्या दुकानावर टिन आहे. टिनाखाली पापड भाजून निघते, पारा काय घेऊन बसला!

घनश्याम : दुकानात नाही, चिंचेले टांगलं. भाऊजी सांगून गेले तसंच. सावलीत, भिंतीपासून दूर, छातीइतकं उंच.

कुंताबाई : तुह्या भाऊजीचं नाव घेऊन भांडू नको. त्यायनं हा नाद लावला अन् निघून गेले. आता आपण तिघं आकडे मोजत बसलो.

घनश्याम : चौघं. हेमराजही आहे. माहा पोरगा ट्रक घेऊन जम्मूले गेला, तर तिथून फोन. म्हणे, बाबा, माघात डोंगर उघडे होते, अन् आता वसंतात बर्फानं रस्ता बंद. सगळं उलटंपालटं.

कुंताबाई : इथं काय सुलटं आहे? आपण लहानपणी होळीच्या दिवसांत मोहफुलं वेचाले जात होतो, आठवते? पहाटेची थंडी अशी की पायाची बोटं बधिर. तू रडत होता अन् माय तुले टोपलीत बसवत होती. होळीच्या राती सगळे गोधडी पांघरून जाळाजवळ बसत. आता त्या जाळाकडं तोंड करून उभं राहवत नाही. अन् पळस माघातच फुलून गळला.

घनश्याम : घसा कोरडा पडला. पाणी…

कुंताबाई : तू बस! मी देते.

घनश्याम : अवं, रांजणातून गडू भराले मी काही म्हातारा नाही झालो.

कुंताबाई : घनश्याम, बस म्हटलं ना.

घनश्याम : …बाई. रांजणामागं हे काय आहे?

कुंताबाई : कापड.

घनश्याम : ओलं कापड. अन् कापडाच्या आत?

कुंताबाई : ठेवलं असंन काही.

घनश्याम : भाऊजींचं थर्मामीटर! निंबावरचं काढून रांजणाच्या पोटाले लावून ठेवलं! पस्तीस दाखवणार नाही तर काय?

कुंताबाई : पस्तीस कुठं दाखवत होतं? आधी अठ्ठावीस दाखवलं. अठ्ठावीस कोणी मानणार नाही, म्हणून मग कापड सैल केलं.

घनश्याम : अन् बिघडलेला मी! थांब, माहं नवीन टांगतो त्या निंबाले.

कुंताबाई : हळू बोल. शेजारची रंभाबाई ऐकंन.

घनश्याम : ऐकू दे. सगळ्या गावानं ऐकावं. काहून केलं असं?

कुंताबाई : तुले माहीत नाही? गेल्या वैशाखात मी बोडीच्या पारीवर, तळ्याच्या बांधावर, चक्कर येऊन पडली, तवा साक्षीले तूच होता. मोनानं हात धरून कबूल करून घेतलं. पुढच्या साली होळीच्या आत पारा चाळीसले टेकला, तर घराले कुलूप अन् मी बंगळूरले. तुह्या एकोणचाळीसनं माही झोप उडवली, बापू.

घनश्याम : तिथं थंडावा आहे. ती रोज एकोणतीस सांगते.

कुंताबाई : असंन. पण चौथ्या माळ्यावर दार लावून मी काय करू? इथं दार उघडं आहे. रस्त्यानं जाणारा विचारते, काकू, जेवल्या का? तिथं कोण विचारंन? मोनाही दिवसभर त्या कॉम्प्युटरशी बोलते.

घनश्याम : मग सरळ सांगायचं, नाही येत.

कुंताबाई : पोरीले तोंडावर नाही म्हणता येत नाही. तिचाही जीव टांगलेला राहते. पण मी थकली, घनश्याम. उन्हाचं काय, ऊन सोसते. रोज तीन वाजता लबाड बोलून थकली.

घनश्याम : वाजलेच तीन. तुहा फोन वाजून राहिला. दे इकडे, आवाज मोठा करतो.

मोना : हॅलो, आई! तुझ्याआधी मी सांगते. इथे एकोणतीस. मस्त वारा सुटलाय.

घनश्याम : वारा कोणता, मोना? पंख्याचा?

मोना : अय्या, मामा! तुम्ही दिघोरीला? आज तर तुमच्या थर्मामीटरला सुट्टीच मग.

घनश्याम : सुट्टी नाही, बदली. पोरी, गेल्या आठवड्यात हेमराज तुह्याकडे जेवून गेला ना?

मोना : हो, दादा आला होता. का?

घनश्याम : तो म्हणे, मोनाच्या घरी छत्तीस होतं. खिडकीले ओली चादर टांगली होती, अन् मोरीपासून दारापर्यंत रिकाम्या बादल्या.

मोना : …मी त्याला सांगू नको म्हटलं होतं.

घनश्याम : तो सांगत नव्हताच. आम्ही बर्फाचं बोलत होतो, त्यात निघालं.

कुंताबाई : मोना, नळाले पाणी आहे का तुह्या घरी?

मोना : आहे गं. म्हणजे… टँकर येतो.

कुंताबाई : अन् मले रोज एकोणतीस?

मोना : खरं सांगितलं असतं तर तू आली असतीस?

कुंताबाई : नाही.

मोना : बघ. आणि तुझे पस्तीस तरी खरे आहेत का? मामा, तुम्ही सांगा. तुमच्या नव्यावर किती आहे तिथे?

घनश्याम : मले नका ओढू. मघाच निंबाले टांगलं आहे, बाई, तूच उठून पाह्य.

कुंताबाई : …चाळीस.

मोना : आई!

कुंताबाई : चाळीस, मोना. टेकला. पण आता ते कबूल केलेलं काय कामाचं? इकडं तापते, तिकडंही तापते. दोन्हीकडं सारखंच, तर माहं घर काय वाईट?

मोना : दोन्हीकडं सारखंच, तर मग आपण दोघी अलग अलग काहून तापून राहिलो, माय?

घनश्याम : घ्या. बंगळूरचं पाणी आटलं अन् दिघोरीची बोली वर आली.

कुंताबाई : गप रे. …मोना, रडू नको. तो टँकर कवा येते?

मोना : नेम नाही. सकाळी येतो, नाहीतर दुपारी. कामाचा फोन चालू असला की माझा नंबर जातो. दार उघडं ठेवून, कान देऊन बसावं लागतं.

कुंताबाई : दार उघडं ठेवून?

मोना : हो. पूर्ण उघडं. शेजारच्या बायकाही तशाच बसतात.

कुंताबाई : मग तू आपलं काम कर. दारात मी बसते.

मोना : म्हणजे?

कुंताबाई : म्हणजे मामाले सांग, तिकीट काढाले. होळी झाल्यावरचं काढ, घनश्याम. होळी मी इथंच पाहीन.

(दोन वर्षांनंतरचा फाल्गुन. फोनवर.)

घनश्याम : पोचलो, बाई. तुह्या घराचं कुलूप उघडलं. ओसरी झाडून घेतली. आता मृगापर्यंत इथंच राहतो.

कुंताबाई : अन् दुकान?

घनश्याम : हेमराज पाहते. ट्रक सोडला त्यानं, कंबर गेली. आता गल्ल्यावर बसून ड्रायव्हर लोकायले फोन लावते, तुमच्याकडं किती? गिऱ्हाईक उभं राहते अन् हा कन्याकुमारीचा आकडा ऐकते. मोना कशी आहे?

कुंताबाई : बरी आहे. पहिल्या माळ्यावर घर घेतलं तिनं, माह्या गुडघ्यांसाठी. नळाले पाणी आहे यंदा, तरी माही दारात बसायची सवय जात नाही. इथल्या बाया तीन वाजता मले आकडा विचारतात. मले त्यायची भाषा येत नाही. बोटं दाखवते.

घनश्याम : आज किती बोटं दाखवली?

कुंताबाई : तीन वेळा दहा, अन् वर चार. तुहं सांग.

घनश्याम : निंबावर एकोणचाळीस. मोहफुलं सरली. पोळली आहे सगळी ओसरी.

कुंताबाई : रंभाबाई दिसली का?

घनश्याम : लेकीकडं गेली म्हणे, नागपुरात. तिच्याही दाराले कुलूप आहे.

कुंताबाई : …घनश्याम.

घनश्याम : बोल.

कुंताबाई : आज निंबावरचा नको. रांजणामागचा सांग.

घनश्याम : रांजण कोरडा आहे, बाई. थांब, आधी भरतो.