चौदा नंबरचा हर्निया

हॅलो?… हो अक्का, मीच. वॉर्डातूनच बोलतेय.

नेलं. ऑपरेशनला नेलं, मघाशीच… अगं ऐक ना, अम्मा शेजारी आहे का?… मग आत स्वयंपाकघरात जा… गेलीस?… ऑपरेशनला नेलं, पण नान्नांना नाही नेलं.

चेष्टा नाही गं. नान्ना माझ्यासमोर बसलेत. दात कोरतायत.

यूसुफचाचांना नेलं… शेजारच्या खाटेवरचे. याकूतपुऱ्याचे रिक्षावाले, पायाला गळू झालंय ते… हो, काल तुला फोनवर शेर ऐकवला तेच… नाही, त्यांना हर्निया नाही. हर्निया नान्नांनाच आहे. इथंच आहे, सुखरूप.

कसं म्हणजे? मी खाली औषधांच्या रांगेत होते!… चौदा नंबर नान्नांचा, पंधरा चाचांचा. काल संध्याकाळी दोघांनी खाटा बदलल्या. नान्ना म्हणाले, मला उकडतंय, तुमच्यावर पंखा आहे. चाचा म्हणाले, घ्या भाईसाब… अगं सगळेच बदलतात इथं! बेगम बाजारचे शेठजी सरकत सरकत खिडकीपर्यंत पोचलेत. आपल्या मूळ खाटेवर फक्त नेपाळी थापा आहे, कारण त्याचा पाय वर टांगलाय.

मग रात्री सिस्टरनी चौदाला पाटी लावली, ‘उपाशी’. चाचांनी वाचली आणि राहिले उपाशी… विचारलं कसं नाही? म्हणे, सरकारी दवाखान्यात पाटीशी वाद घालायचा नसतो.

नान्ना?… जेवले. सकाळी चाचींनी खिचडी, खिमा आणि चिंचेचा खट्टा असा डबा आणला. चाचांना चालत नव्हता, तर नान्नांनी अन्न वाया जाऊ दिलं नाही… हो, खिम्यासकट… असू दे शनिवार! तिकडे चाचांना चिरतील आणि तू शनिवार घेऊन बसलीस!

हो, हो… मल्याळी सिस्टर धावल्यात थांबवायला. धावता धावता मल्याळममध्ये बोलत होत्या. सगळ्या वॉर्डाला समजलं.

दसऱ्यानंतर, अक्का. आज हुकलं तर पुढची तारीख थेट दसऱ्यानंतर… थांबतील म्हणून मला नको सांगूस! काल रात्री कळ आली तर नान्ना उशी चावत होते. मीच होते शेजारी.

थांब… ट्रॉली आली. चाचा आले! अख्खे आहेत!… थांब, ऐकू दे…

अगं, चाचा चिडलेत. म्हणतात, उपाशी ठेवलं, भादरलं, आणि आता कापत पण नाहीत?… भादरलं म्हणजे भादरलं! कुठं ते विचारू नकोस… विचारलं ना नाव! नान्नांचं नाव घेऊन ‘मल्लेशम?’ म्हणाले, तर चाचा ‘हो’ म्हणाले. सरकारी कागदावर माझं नाव आजवर कधी बरोबर आलंय, म्हणतात. शेवटी दोन डॉक्टरांनी मिळून हर्निया शोधला. सापडला नाही, तेव्हा परत पाठवलं.

हसतेस काय!… थांब, डॉक्टर मॅडम आल्या… हो मॅडम, मी यांची मुलगी… सकाळी लवकर, मॅडम. खिचडी… थोडा खिमा… बराच खिमा… त्यानंतर पाणीसुद्धा नाही. नाही, खरंच…

अक्का! शेवटचा नंबर लावतायत! दुपार कलली, आता सकाळचं जिरलं असेल म्हणाल्या. लगेच नेतात! नान्ना, उठा… नान्ना?

उठत नाहीयेत गं. खाटेची दांडी धरून बसलेत. म्हणतात, इथं वारा बरा आहे…

…अक्का.

या पंख्याला पातीच नाहीत. नुसता दांडा लोंबतोय.

हो… मुद्दाम. मुद्दाम बदलली खाट… घाबरलेत गं. विहिरीत उतरून साप काढणारे आपले नान्ना… नको, तू ओरडू नकोस. त्यांना फोनही देत नाही मी. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीयेत, नखं बघतायत.

एक मिनिट. चाचा सांगतायत काहीतरी… म्हणतात, भाईसाब, मी बघून आलोय. आत एसी आहे. पोरं सभ्य आहेत, भादरण्याआधी माफी मागतात. चला, मी येतो सोबत… अगं लंगडत निघाले पण! उपाशीपोटी! सिस्टर अडवतायत… आता नाही अडवत.

चढले… नान्ना चढले ट्रॉलीवर! हो, निघालो… मी पण चाललेय मागून. शेठजी ‘जय श्रीराम’ म्हणतायत, थापा टांगलेल्या पायानं टाटा करतोय…

नान्नांनी हात घट्ट धरलाय… कुणाचा?… नाही, माझा नाही धरला. चाचांचा धरलाय. इतका दाबलाय की चाचाच ओरडतायत.

दारापाशी आलो. चाचांना आत सोडत नाहीत… अगं, नान्ना हात सोडेनात ना! लहान मुलासारखे… थांब… मॅडम म्हणतायत, भुलीची सुई टोचेपर्यंत राहू दे यांना. टोपी द्या यांना पण…

गेले. दोघंही आत गेले. दोघांना सारख्या टोप्या, सारखे डगले…

हो, आता अम्माला सांग. आणि तू यल्लम्माला हात जोड… दोघांसाठीही गं! आत कुणाला कापतील, अजून भरवसा नाही. ठेवते.