केतकीनं माझी लाज राखली

करा, करा केतकीचं कौतुक! पण आधी ट्रियरला काय झालं ते ऐका.

जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमहून आमचं मराठी मंडळ ते जुनं रोमन शहर बघायला गेलं होतं. गाइड जर्मनमध्ये बोलायचा आणि मंडळातलीच ही केतकी लगेच मराठीत सांगायची. आमच्या सासूबाई तिचा हात धरून चालत होत्या. दशम्यांची पिशवी मात्र माझ्या खांद्यावर!

“दोनच वर्षं झाली हो हिला इथे येऊन,” हे त्या चार वेळा म्हणाल्या. मला आठ झालीत.

शेवटी रोमन स्नानगृहात मी मोबाइलवरून एक जर्मन वाक्य पाठ केलं आणि गाइडला ठसक्यात विचारलं, त्या काळी लोक पाणी कसं तापवायचे? तो इतका खूश झाला की पाच मिनिटं बोलतच राहिला. मला ओ की ठो कळलं नाही.

“काय म्हणाला गं?” सासूबाईंनी मलाच विचारलं.

“लाकडं जाळून तापवायचे.”

“एवढंच? इतका वेळ?”

मी केतकीकडे बघितलं. ती म्हणाली, “गेनाऊ! बरोबर, अगदी तेवढंच म्हणाला तो, मावशी.”

जर्मन चांगलं होतंच. आता मेलीचा स्वभावही चांगला निघाला!