नुसता ब्रेकवर पाय ठेवाले

आता तुम्हीच सांगा, मानसानं गाडीत शिराचं कुठून? दारातून! बरोबर ना? अन आमची उर्वशी मले काय म्हनते, "बाबा, दारं वेल्डिंग करून बंद केले हायेत, तुम्ही खिडकीतून जा." खिडकीतून! तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं एसटी चालवली म्या, पाशिंजरनं जागा धराले खिडकीतून रुमाल टाकलेला पाह्यला, पिशवी टाकलेली पाह्यली, एकदा तं लेकरू टाकलेलं पाह्यलं, पन डायवर टाकलेला नाही पाह्यला! अन हे माझं पोट... शेजारच्या धनसिंगनं मांगून ढकललं, पोरीनं समोरून वढलं, तवा कुठं सीटवर पडलो. अन बसलो कायले? नुसता ब्रेकवर पाय ठेवाले!

उर्वशी माझी लहानी पोरगी, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. भंगारातली एक गाडी आनून दोन वर्षं महागावच्या घरामांगं टिनाच्या शेडात खपली अन त्याची रेसची गाडी केली. रेस कुठं? तं फुलसावंगीच्या अलीकडं नव्या रस्त्याचा सरळ तुकडा हाय, रहदारी अजून सुरू नाही, तिथं. दोन गाड्या बाजूबाजूले उभ्या, चारशे मीटर सरळ सुटाचं, आधी पोचन तो जिंकला. ड्रॅग रेस म्हनतेत. म्या म्हटलं, बाई, वळन नाही, स्टॉप नाही, पाशिंजर नाही, मंग जाता कायले?

पन गाडीले ना नंबर प्लेट, ना सायलेन्सर. रोडवर चालवता येत नाही. म्हून धनसिंगच्या ट्रॅक्टरले बांधून न्याची. अन मांगच्या गाडीत कोनीतरी ब्रेक धराले पायजे, नाहीतं उतारावर ते सरळ ट्रॅक्टरवर जाऊन आदळन. उर्वशी म्हने, "बाबा, तुमच्यासारखा ब्रेक जिल्ह्यात कोनाचा नाही." बस! इथंच फसलो. खांद्यावरून दोन पट्टे, कंबरेतून दोन, मधात बकल... खटाक! म्या म्हटलं, अवं, मी काय पळून चाललो? नुसता ब्रेकवर पाय ठेवाले बसलो ना!

निघालो. समोर ट्रॅक्टरचा धूर, वरून तापलेलं टिन, गाडी उलटली तं मानूस चेपू नये म्हून चारी बाजूनं लावलेले लोखंडी पाइप, अन धनसिंगनं गाने असे लावले का मी वरडलो तरी त्याले वाटे मी साथ देऊन राह्यलो! रस्त्यात गाई आडव्या आल्या, ट्रॅक्टर थांबला, अन नेमका थांबला कोनाच्या दारात? मथुराबाईच्या. माझ्या मोठ्या पोरीची सासू! खिडकीत तोंड घालून म्हनते, "अवो इवाई, तुम्ही पिंजऱ्यात काहून बसले?"

म्या म्हटलं, "नुसता ब्रेकवर पाय ठेवाले."

"उतरा, च्या घ्या."

"उतरता येत नाही ना."

"काहून? घरी भांडन झालं काय?"

आता हिले काय सांगू! खिडकीतूनच च्या देला, तोही मोठा गिलासभर. पेलो. पेलो हेच चुकलं... पुढचा अर्धा तास माझ्यावर काय बेतली ते सांगाची गोष्ट नाही, तुम्ही समजून घ्या.

पोचलो एकदाचे. उर्वशीनं बकल दाबलं. निघंना. धनसिंगनं दाबलं. निघंना. तिथं तपासनीस होते उत्तमसिंग, गळ्यात शिटी, त्यानं दाबलं. निघंना! अन घड्याळ पाहून म्हनते, "दहा मिनिटं. गाडी लायनीवर नाही आली तं नाव कटलं."

धनसिंग ट्रॅक्टरमधून विळा घेऊन आला. "काका, कापून टाकतो."

उत्तमसिंग म्हने, "कापा. पन पट्ट्याबिगर गाडी पळू देनार नाही."

घ्या! म्हंजे कापला तं मी सुटतो अन पोरीची गाडी बाद होते. न कापला तं पोरगी बसन कुठं, माझ्या मांडीवर? रडली असती तं बरं झालं असतं हो. नाही रडली. नुसती त्या बकलाकडं पाहत राह्यली, नखात काळं ग्रीस, दोन वर्षांचं. अन मंग हळूच म्हने, "काप धनसिंगभाऊ. बाबाले तरास होऊन राह्यला."

काय झालं मले माहीत नाही, म्या म्हटलं, "ठेव तो विळा. हेल्मेट आन."

"लायसन हाय काय?" उत्तमसिंगनं इचारलं.

"अबे, बॅजसकट हाय!"

बाजूले पांढरकवड्याचा रोशन, काळा चष्मा, लाल गाडी, मले पाहून हसून राह्यला. हिरवा दिवा लागला. त्यानं असा काही पाय दाबला का चाकं जागीच फिरले, धूरच धूर! म्या काय केलं? भरली गाडी घाटात उचलतो तसा क्लच सोडला, झोपलेल्या पाशिंजरची झोप मोडू नये असा. दुसरा, तिसरा, चवथा... अन ते गाडी अशी वरडली, मीही वरडलो, "अवं मायवं, मी तं नुसता ब्रेकवर पाय ठेवाले आल्तो!" अन पाह्यतो तं रोशन मांगं!

जिंकलो ना बाप्पा!

मंग कोनीतरी तेल टाकून, पेचकस घालून बकल सोडवलं. मी पह्यले बाभळीमांगं पळालो, सत्कार नंतर. दुसऱ्या फेरीले उर्वशी बसली. क्लच झटक्यात सोडला, चाकं फिरले, गाडीभर अंतरानं हारली. परत आली, हेल्मेट काढलं, मले वाटलं आता रडते. तं म्हनते, "बाबा, तुम्ही क्लच कसा सोडला?"

म्या तळहात धरून दाखवला, असा, असा... अन पोरगी पूर्न आयकत बसली हो! दहावीनंतर पह्यल्यांदा! मी इतका खूश, का ती मांडीवर कागद घेऊन काय लिवून राह्यली तिकडं ध्यानच नाही. पुढच्या महिन्याच्या रेसचा फॉर्म. चालक, सदाशिवराव. माझंच नाव!

"अवं, तू चालव ना!"

"गाडी मी बनवते, तुम्ही चालवा. ज्याले जे येते ते त्यानं करावं."

"खोड ते नाव."

"आता नाही खोडता येत, बाबा," पोरगी म्हने, "पेनानं लिवलं."