उतरलं का?

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या गटाचे माजी जिल्हा परिषद सदस्य आदरणीय विजयसिंहबापू. व्यासपीठावर विराजमान असलेले तालुका आरोग्य अधिकारी साहेब. आपल्या गावच्या सरपंच सावित्रीबाई. ज्यांच्यापायी आपण भर उन्हात या मंडपात जमलो त्या सत्कारमूर्ती संगीता सिस्टर. माझ्या माता-भगिनींनो, बंधूंनो, आणि मागं खांबाला टेकून उभे राहिलेले माझे माजी विद्यार्थी. तुम्ही बसून घ्या रे. वर्गातही असेच उभे राहायचात, तेव्हा मी उभं करायचो म्हणून.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. या कार्यक्रमात बोलण्याची माझी लायकी नाही. सिस्टर फिर्यादी आहेत आणि मी आरोपी. चार वर्षं झाली, बीडच्या कोर्टात खटला चालू आहे, पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. माझ्या वकिलांनी परवा फोनवर बजावलं की गुरुजी, हार घाला, नारळ द्या, फोटो काढा, पण तोंड उघडू नका. तिकडं सिस्टरांनी ग्रामपंचायतीला निरोप धाडला की परमेश्वर गुरुजी बोलणार असतील तरच सत्कार घेईन. आता तुम्हीच सांगा, मी कुणाचं ऐकायचं? वकिलांचं चार वर्षं ऐकलं. आज यांचं ऐकतो.

सत्कारमूर्तींच्या गुणांचं वर्णन माझ्या आधीच्या वक्त्यांनी केलंच आहे. अकरा वर्षं आपल्या उपकेंद्रात सेवा, लसीकरणात तालुक्यात पहिला नंबर, बाळंतपणाला रात्र बघितली नाही की पाऊस बघितला नाही. मी त्यात भर घालत नाही. मी फक्त त्यांच्या कपाळाबद्दल बोलणार आहे. टिकलीच्या वर डाव्या बाजूला एक रेघ आहे. सात टाके पडले होते. ती रेघ माझ्या हातची आहे.

नवीन माणसं आली आहेत म्हणून थोडं मागून सांगतो. छत्तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. उष्णता, प्रकाश, ध्वनी. आणि दर रविवारी घराच्या ओसरीत लोकांना डाग दिले. माझे वडील सटवाबाबा मेंढरं राखायचे. मेंढरू लंगडलं, बैलाचा खांदा सुजला, की चुलीत डागणी लाल करायची आणि दुखऱ्या जागी टेकवायची. जनावराला चालतं ते माणसाला का चालू नये, असं आमच्या घरात कुणाला वाटलंच नाही. कंबर दुखली, डाग. पोट दुखलं, डाग. वडिलांच्या माघारी डागणी माझ्या हातात आली. सोमवार ते शनिवार मी फळ्यावर मज्जासंस्थेची आकृती काढायचो आणि रविवारी तीच मज्जा जाळायचो.

डागाचा एक नियम होता, आणि सगळी गोष्ट त्या नियमाची आहे. डाग घेताना ओरडायचं नाही. ओरडलं की डाग वाया जातो. वाया गेला की पुन्हा द्यावा लागतो, त्याच जागी, त्याच फोडावर. पाचव्या दिवशी मी विचारायला जायचो, "उतरलं का?" उतरलं नसेल तर दुसरा डाग. कातडं जळताना ओलं लाकूड चुलीत घातल्यासारखं चरचरतं आणि वास भिंतीला राहतो. दोघांनी खांदे धरायचे, दोघांनी पाय, आणि तोंडात पदर नाहीतर रुमाल.

हजारावर डाग दिले असतील. एकही माणूस मला "उतरलं न्हाई" असं म्हणाला नाही. शंभर टक्के गुण! कुठल्या मोठ्या डॉक्टरला शंभर टक्के गुण आहे? हे मी भाषणातून सांगत फिरायचो. बापू, तुमच्या खांद्याला मी दोन डाग दिले आणि तुम्ही अशाच मंडपात मला शाल पांघरली. आठवतंय ना? विज्ञान शिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यात एवढं आलं नाही की जिथं नाही म्हणायची शिक्षा तापलेलं लोखंड आहे, तिथं सगळे होच म्हणणार.

आता माझ्या मंडळींविषयी. रतनबाई, तिसऱ्या रांगेत बसल्यात, हिरव्या साडीत. खाली बघू नको, तुझ्याबद्दल वाईट बोलत नाही.

बारा वर्षांपूर्वी ती कडब्याच्या गंजीवरून पडली. त्या दिवसापासून कंबरेत चमक निघायची ती थेट टाचेत जायची. खाली बसली की उठता यायचं नाही, उठली की बसता यायचं नाही. मी डाग दिला, कंबरेवर. तिनं पदर चावून चावून फाडला, पण आवाज काढला नाही. पाचव्या दिवशी विचारलं. म्हणाली, उतरलं. महिनाभरानं पाहतो तर बाई चुलीपासून रांजणापर्यंत रांगत चालली आहे. मी म्हणालो, उतरलंय ना, मग हे ढोंग कुणासाठी? आणि मारलं. काठीनं नाही, हातानं मारतो, हे मी तेव्हा मोठेपणानं सांगायचो. तोंडावर मारलं, पाठीत लाथ घातली, जिथं दुखत होतं तिथंच. मग टाचेवर दुसरा डाग. असे आठ वर्षांत पाच डाग, आणि मार किती त्याची गणती नाही. लोक काय म्हणतील? डाग देणाऱ्याच्याच घरात दुखणं उतरत नाही? माझ्या नावासाठी ती बाई जळत होती.

सिस्टर एकदा बीपी तपासायला घरी आल्या. मी शिरूरला गेलतो. टाचेवरचा डाग पिकला होता, तो त्यांनी पाहिला. त्यांनी विचारलं की शून्य म्हणजे काहीच दुखत नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही, तर तुमचं किती? ही म्हणाली, शून्य. सिस्टरांनी पाय सरळ धरून हळूच वर उचलला. हिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, पण तोंड मिटलेलंच. तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "रतनबाई, ओरडा. माझ्याजवळ ओरडलं तर कुणी पुन्हा डागत नाही."

आणि माझी बायको ओरडली. शेजारच्या गल्लीतून बाया पळत आल्या. आठ वर्षांचं एका दमात ओरडली म्हणतात. मी ते ऐकलं नाही, मला दुसऱ्यांनी सांगितलं.

सिस्टर तिला एसटीनं बीडच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. मणक्यातली गादी सरकून शीर दाबली गेली होती. गोळ्या दिल्या, व्यायाम शिकवला, आणि दर गुरुवारी उपकेंद्रात यायला सांगितलं. तिथं अशाच दुखणाऱ्या पाचसात बाया चटईवर व्यायाम करायच्या आणि एकमेकींना आपलं दुखणं सांगायच्या. मला हे तिसऱ्या आठवड्यात कळलं, तेही चावडीवर, चारचौघांत, हसत हसत कळवलं गेलं. मी घरी गेलो, डागणी उचलली आणि उपकेंद्रात घुसलो.

ती थंड होती, असं माझे वकील कोर्टात सांगतात. खरं आहे, थंड होती. पण लोखंडाची होती. चटईवर रतन पालथी झोपून पाय उचलत होती. मी तिचे केस धरून तिला उठवलं आणि भिंतीवर आदळलं. बाकीच्या बाया किंचाळल्या. सिस्टर मध्ये आल्या. मी हात मागं घेतला आणि डागणी पूर्ण ताकदीनं त्यांच्या कपाळावर मारली. रक्त लसीच्या रजिस्टरवर सांडलं. मग औषधाचं कपाट फोडलं, खिडकीच्या काचा फोडल्या. साहेब, आपल्याकडं पंचनाम्यात लिहिलेलं आहे, मी काही नवीन कबूल करत नाही. वकीलसाहेबांच्या कानावर गेलंच, तर हेही सांगा की मी शुद्धीवर होतो.

सिस्टरांनी कपाळाला पदर दाबून धरला होता. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तक्रार मी मागं घेणार नाही. आणि यांचा उपचारही बंद करणार नाही. दोन्ही ध्यानात ठेवा."

गावानं मध्यस्थी केली. मिटवा म्हणाले, बाईमाणूस कोर्टात कशाला जाता म्हणाले. बापू, तुम्हीही निरोप धाडला होता. सिस्टरांनी दोन्हींतलं काहीच सोडलं नाही. मग गंमत अशी झाली की मला तारखेला बीडला जावं लागायचं आणि हिला दवाखान्यात, आणि आपल्याकडून सकाळची एसटी एकच. पुढच्या सीटवर फिर्यादी आणि माझी बायको, मागच्या सीटवर मी आणि वकिलांची फाईल. कंडक्टर विचारायचा, गुरुजी, तीन तिकिटं एकत्र देऊ का? हसा, हसा. मला तेव्हा त्याचा गळा धरावा वाटायचा.

आठ महिन्यांनी एकदा बीडच्या स्टँडवर रतन कुणाचा हात न धरता एसटीच्या पायऱ्या उतरली. मला लाज वाटायला हवी होती. मला संताप आला. माझ्या पाच डागांनी जे झालं नाही, ते एका चटईवर पाय उचलून कसं होतं? मी त्याच गुरुवारी उपकेंद्रावर गेलो आणि म्हणालो, मला बघायचंय इथं काय जादूटोणा चालतो. सिस्टर म्हणाल्या, बाहेर ओट्यावर बसा. तोंड उघडायचं नाही. नुसतं ऐकायचं.

मी ऐकलं. आत बसलेल्या प्रत्येक बाईला मी कधी ना कधी डागलं होतं. एक सांगत होती, ऊस तोडायला गेल्यावर मोळी डोक्यावर घेतली की डोळ्यांपुढं काळं यायचं, तरी गुरुजींना उतरलं म्हणून सांगितलं. दुसरी तेच. तिसरी तेच. मग माझी चुलती बोलली, भिवराबाई, आज ऐंशीच्या पुढं आहेत, या पहिल्याच रांगेत बसल्यात.

त्याआधी हे सांगायला हवं की माझी आई, बायनाबाई, पोटाच्या दुखण्यानं गेली. वडिलांनी पोटावर डाग दिला होता. पाचव्या दिवसापर्यंत न थांबता दुसऱ्याच दिवशी विचारलं तर आई म्हणाली, उतरलं. चौथ्या दिवशी वारली. वडील जन्मभर सांगायचे की पोट उतरलं होतं, ती दुसऱ्याच कशानं गेली. पुढं मीही तेच सांगत आलो. आमच्या डागाचा तो मोठा दाखला होता.

तर चुलती आत म्हणाली, "बायना उतरलं म्हणली, कारन सटवानं डागणी पुन्यांदा चुलीत घातलती. तिनं ती लाल झालेली बघितली. मला म्हणली, भिवरे, लई दुखतंय, पर सांगू नको. मीच तिचं पाय धरलतं."

मी ओट्यावरून उठलो आणि खांबावर डोकं आपटलं. एकदा नाही, तिघींनी ओढून बाजूला करेपर्यंत. टाके सिस्टरांनीच घातले. घालताना त्यांनी विचारलं, शून्य ते दहा किती? मला सांगता आलं नाही. छत्तीस वर्षं मी मुलांना मोजमाप शिकवलं.

डागणी आता कोर्टात मुद्देमाल म्हणून जमा आहे. ती तिथंच राहावी. पुढच्या तारखेला मी गुन्हा कबूल करणार आहे. जी शिक्षा होईल ती होईल.

साहेब, आपण आलाच आहात म्हणून एक विनंती. नवीन सिस्टर अजून हजर झालेल्या नाहीत. गुरुवार बंद पडू देऊ नका. दुखणं पूर्ण जाईल असं सिस्टरांनी कुणालाच खोटं सांगितलं नाही. रतनचं नऊवरून पाचवर आलं आहे, कधी चार, थंडीत सात. त्या पाचासोबत रोज जगायचं तर तिला गोळ्या लागतात, व्यायाम लागतो, आणि जिच्याजवळ खरं बोलता येईल अशी बाई लागते. माझ्याजवळ तिला अजून बोलता येत नाही. मी रोज विचारतो, किती दुखतंय? ती आधी माझ्या हाताकडं बघते, आणि म्हणते, उतरलं.

अध्यक्षसाहेब, घंटी वाजवू नका, दोन मिनिटं द्या. मला सभेला एक गोष्ट विचारायची आहे. माझ्याकडून ज्यांनी डाग घेतला, मला उतरलं म्हणून सांगितलं, आणि ज्यांचं उतरलं नव्हतं, त्यांनी हात वर करा. माझे हात हे बघा, टेबलावर ठेवलेत.

भिवराकाकू. बरं. मागच्या रांगेत, हो. तुम्हीपण? खाली घेऊ नका, बघू द्या. पुरुष मंडळी, लाजू नका. बापू... अध्यक्षसाहेब, आपणसुद्धा? आणि मग शाल कशाला पांघरलीत? असू द्या, असू द्या.

रतन, तुझा हात खालीच आहे. राहू दे. मी जबरदस्ती करत नाही.

काय म्हणालीस? गप्प बसा रे मागं, तिला बोलू द्या. माईकवर येत नाही, मीच सांगतो. माझी बायको म्हणते, "आता बी दुखतंय. सकाळधरनं."

ऐकलं, रतन. खुर्ची बदलून द्या तिला कुणीतरी, पाठ टेकायची द्या.

सिस्टर, आपले आभार मानायला माझ्याजवळ शब्द होते, पाठ करून आणले होते, आता आठवत नाहीत. आयोजकांचे, मंडपवाल्यांचे आणि एवढा वेळ उन्हात बसलेल्या आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही जास्तकमी झालं असेल तर ते पोटात घाला. हातून जे झालं, त्याची माफी मात्र मी या माईकवरून मागणार नाही. ती मागायला मी आता खाली तिसऱ्या रांगेत जातो.